विमान टेकते कसे, आणि कधीकधी उडी का मारते?

या सत्रात 'मी मोठेपणी कोण होणार' या निबंधात मोठ्या गटातल्या तिघांनी 'वैमानिक' असे लिहिले. निबंध छान होते (शुद्धलेखनाबद्दल इथे बोलत नाही). पण वह्या घरी गेल्या आणि पुढच्याच आठवड्यात दोन पालकांनी आम्हाला गाठले. "शिकताना ही लहान विमाने पडतात म्हणे, खरे का?" एका आजोबांनी तर बारामतीकडच्या बातम्यांची कात्रणेच आणून दिली. प्रश्न रास्त आहे. "छे, काही होत नाही" असे म्हणून तो झटकून टाकणे आम्हाला बरे वाटले नाही, म्हणून हा लेख. मुलांनी वाचावा, आणि पालकांनी मुलांच्या आधी वाचावा.

पहिल्यांदा कात्रणे पाहू. २५ जुलै २०२२ रोजी पुणे जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडी गावाच्या शेतात बारामतीहून उडालेले एक सेसना विमान कोसळले. आत बावीस वर्षांची एक शिकाऊ वैमानिक एकटीच होती. ती किरकोळ जखमांवर वाचली. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीच्या परिसरात चार दिवसांत दोन शिकाऊ विमाने पडली. त्यांतही जीव गेले नाहीत, पण सरकारी विमान संचालनालयाने त्या संस्थेचे प्रशिक्षण थांबवले. मात्र त्याच वर्षी, १८ मार्च २०२३ रोजी, गोंदियाच्या बिरसी विमानतळावरून उडालेले शिकाऊ विमान शेजारच्या बालाघाट जिल्ह्याच्या डोंगराळ भागात कोसळले आणि त्यातले प्रशिक्षक व विद्यार्थी दोघेही गेले. हेही सांगायलाच हवे.

पण या बातम्यांत दोन निरनिराळ्या गोष्टींची सरमिसळ आहे. वाटेत काहीतरी बिघडून जमिनीवर यावे लागणे किंवा डोंगराला धडकणे ही एक गोष्ट. विमान धड आहे, धावपट्टी समोर आहे, हवा बरी आहे, आणि तरी उतरताना गडबड होते ही दुसरी. शिकाऊ वैमानिकांच्या बाबतीत दुसरी गोष्ट फार जास्त वेळा घडते. सुदैवाने तिच्यात बहुधा विमान मोडते, माणूस नाही. आज मुख्यतः तिच्याबद्दलच बोलू.

आपल्याला यासाठी लांब जायला नको. मिल्टन कीन्सच्या पूर्वेला, एम-१ ओलांडून थोडे पुढे गेले की क्रॅनफिल्ड लागते. तिथला विमानतळ १९३७ साली हवाई दलासाठी सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धात रात्री लढणाऱ्या विमानांचे चालक तिथे तयार होत. १९४६ साली तिथे विमानविद्येचे कॉलेज निघाले, त्याचेच आज विद्यापीठ झाले आहे. आपल्या घरांवरून घरघरत जाणारी बरीचशी छोटी विमाने तिथलीच असतात, आणि त्यांतल्या कित्येकांत कोणीतरी शिकत असते.

क्रॅनफिल्डची धावपट्टी सुमारे १८०० मीटर लांब आहे. तिच्या एका टोकाला मोठ्या आकड्यांत २१ लिहिले आहे आणि दुसऱ्या टोकाला ०३. हे आकडे म्हणजे होकायंत्राचे अंश, शेवटचे शून्य काढून टाकलेले. २१ म्हणजे २१० अंश, म्हणजे साधारण नैर्ऋत्य. आता पाचवीतल्या मुलांनी सांगावे, नैर्ऋत्य का? कारण इंग्लंडात वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडूनच येतो, आणि विमानाला वाऱ्याच्या तोंडावर उतरायला आवडते. हिशेब करून पाहा. छोटे सेसना उतरायला येते तेव्हा हवेतला त्याचा वेग साधारण ६० नॉट असतो, म्हणजे ताशी ६९ मैल. एम-१ वर बाबा जेवढ्या वेगाने जातात (किंवा जायला हवेत) तेवढाच. समोरून १५ नॉटचा वारा असला तर जमिनीच्या दृष्टीने विमान फक्त ४५ नॉटने सरकते, म्हणजे ताशी ५२ मैलांनी. जेवढे सावकाश टेकाल तेवढे कमी धावावे लागेल.

'टेकणे' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो आहोत. वर्तमानपत्रे 'अवतरण' वगैरे लिहितात, पण अवतरण म्हटले की आमच्या डोळ्यांसमोर अवतरणचिन्हे येतात. पक्षी फांदीवर बसतो, पाहुणे गाडीतून उतरतात, आणि विमानाची चाके जमिनीला टेकतात. चांगले टेकणे म्हणजे काय, तर आजी पाट ओढून घेऊन हळूच बसते तसे. धपकन नव्हे.

पण हे हळूच बसणे फार अवघड असते. विमान तिरक्या रेषेत खाली येत असते. तसेच येत राहिले तर ते जमिनीत घुसेल. म्हणून शेवटच्या क्षणी वैमानिक नाक किंचित वर उचलतो आणि विमानाला जमिनीच्या समांतर आणतो. हे केव्हा करायचे? पंधरा-वीस फुटांवर. आपल्या इथल्या दुमजली घरांच्या पन्हळीएवढ्या उंचीवर म्हणा ना. मग इंजिनाची शक्ती पूर्ण कमी करायची आणि विमानाला जमिनीपासून दोन-तीन फुटांवर तरंगत ठेवायचे. वेग कमी होत जातो, तसतसे नाक आणखी थोडे थोडे उचलत जायचे, आणि शेवटी पंखांना भार पेलेनासा झाला की मागची दोन मोठी चाके आधी टेकतात. नाकाखालचे छोटे चाक सर्वांत शेवटी.

पन्हळीएवढी उंची ताशी सत्तर मैलांनी जाताना ओळखायची कशी? यंत्रे इथे फारशी उपयोगी पडत नाहीत, डोळेच लागतात. नवशिका जवळच, आपल्या नाकासमोरच्या डांबराकडे बघतो. ते इतक्या वेगाने मागे पळत असते की उंचीचा अंदाजच येत नाही. म्हणून प्रशिक्षक सारखे सांगतात, नजर धावपट्टीच्या दूरच्या टोकाला ठेव. रेडवेवर सायकल शिकताना पुढच्या चाकाकडे बघितले की आपण पडतो आणि लांब बघितले की तोल राहतो, तसेच हे. शिवाय डोळे फसवतातही. ज्याला रुंद धावपट्टीची सवय आहे तो अरुंद धावपट्टीवर गेला की त्याला आपण उंच आहोत असे वाटते, आणि तो नाक उचलायला उशीर करतो. अरुंद पट्टीची सवय असलेल्याचे उलटे होते, तो फार लवकर उचलतो.

लवकर उचलले तर विमान दहा-पंधरा फुटांवरच वेग हरवते आणि तिथून धप्पकन खाली बसते. उशिरा उचलले तर त्याहून वाईट. आता लेखाच्या नावातल्या उडीकडे येऊ.

समजा विमान थोडे जास्त वेगात आहे आणि जमिनीवर आपटले. चाके चेंडूसारखी उसळतात असे लोकांना वाटते. टायर आणि स्प्रिंग थोडी मदत करतात हे खरे, पण मुख्य कारण वेगळे आहे. मागची चाके आपटली की शेपूट खाली जाते आणि नाक वर. नाक वर झाले की पंख वाऱ्याला जास्त तिरके भिडतात आणि जास्त उचल देतात. विमानात अजून उडण्याइतका वेग शिल्लक असतोच, मग ते पुन्हा हवेत जाते. इथवर फारसे काही बिघडलेले नसते. बिघडते ते पुढच्या एका सेकंदात. जमीन दूर जाताना पाहून घाबरलेला विद्यार्थी नाक खाली ढकलतो. अगदी स्वाभाविक आहे, कोणीही तेच करील. पण आता विमान नाकाच्या चाकावर आपटते आणि पहिल्यापेक्षा उंच उडी मारते. विद्यार्थी पुन्हा ढकलतो. त्याचा हात विमानाच्या एक पाऊल मागे चाललेला असतो, त्यामुळे प्रत्येक दुरुस्ती चुकीच्या वेळी पोचते आणि उडी मोठी होत जाते. दुसऱ्या-तिसऱ्या आपटीला नाकाचे चाक मान टाकते. ते मुळात फार भार सोसायला केलेलेच नसते, खरा भार मागच्या दोन चाकांनी घ्यायचा असतो. चाक मोडले की फिरता पंखा डांबरावर घासतो, त्याची पाती वाकतात, आणि झटका इंजिनात आतपर्यंत जातो. मग पूर्ण इंजिन उघडून तपासावे लागते. माणूस पट्टा सोडून आपल्या पायांनी बाहेर येतो, विमान मात्र कित्येक महिने कारखान्यात.

ब्रिटनमध्ये हवाई अपघातांचा तपास करणारा सरकारी विभाग दर महिन्याला एक अंक काढतो. त्यात मोठ्या दुर्घटनांबरोबर या छोट्या घटनाही असतात. दोन-चार परिच्छेद, वैमानिकाचे वय, त्याने एकूण किती तास उड्डाण केले, वारा किती होता, काय मोडले. वैमानिकाचे नाव कधीच नसते. दोष कोणाचा हे ठरवणे आपले काम नाही, पुन्हा असे होऊ नये एवढेच आपले काम, असे तो विभाग सांगतो. कितीतरी वेळा तो मजकूर खुद्द वैमानिकानेच भरून पाठवलेल्या फॉर्मवरून तयार होतो. आम्हाला याचे कौतुक वाटते. आपल्याकडे मोडलेली बरणी फडताळाच्या मागे सरकवायची पद्धत जास्त.

उपाय काय? छोटी उसळी असेल तर नाक आहे तसे स्थिर धरायचे, लागल्यास इंजिनाला किंचित जोर द्यायचा आणि विमानाला आपले आपण पुन्हा बसू द्यायचे. उसळी मोठी असेल, किंवा मनात शंका आली, तर सरळ पूर्ण शक्ती द्यायची, वर जायचे आणि पुन्हा फेरी मारून यायचे. मिल्टन कीन्सच्या मुलांना हे समजावायला फार श्रम नकोत. राउंडअबाउटवर बाहेर पडायची वाट हुकली तर शहाणा चालक काय करतो? कचकन वळत नाही. पुन्हा एक चक्कर मारतो. आपल्या गावात एवढी राउंडअबाउट आहेत की ही सवय आपल्या हाडांत मुरलेली आहे. विमानातही तेच. एक फेरी म्हणजे धावपट्टीवरून उठणे, साधारण हजार फुटांवर चौकोनी वळसा घेणे आणि पुन्हा त्याच पट्टीसमोर येणे. सहा-सात मिनिटांचे काम. तरी नवशिक्याला परत फिरणे जड जाते, कारण खाली लोक बघत असतात आणि आपण नापास झालो असे त्याला वाटते. आमच्या मते प्रशिक्षकाचे निम्मे काम ही लाज काढून टाकण्याचे असते.

आडव्या वाऱ्याबद्दल थोडक्यात. क्रॅनफिल्डला वारा वायव्येकडून आला की तो धावपट्टीला जवळजवळ काटकोनात आडवा पडतो. मग विमान खेकड्यासारखे तिरके येते आणि टेकण्याच्या क्षणी त्याला सरळ करावे लागते. सरळ करायला विसरले तर चाकांवर बाजूने जोर येतो आणि विमान पट्टीबाहेर गवतात जाते. म्हणून शिकाऊंसाठी आडव्या वाऱ्याची मर्यादा ठरवलेली असते. ती ओलांडली की त्या दिवशी चहा पिऊन घरी.

आता एक जड गोष्ट. मोठ्या गटातल्या मुलांनी ती पालकांबरोबर वाचावी. १९ जुलै २००६ रोजी एसेक्समधल्या साउथएंड विमानतळावर एक सोळा वर्षांचा मुलगा दुसऱ्यांदाच एकट्याने उडत होता. तो उतरायला धावपट्टीच्या रांगेत आला, तेव्हा मागून एक जास्त वेगाचे विमान येत होते. नियंत्रकाने त्याला उतरणे सोडून बाजूला वळायला सांगितले. नेहमीची 'सरळ वर जा आणि फेरी मार' ही सूचना त्याच्या अंगवळणी होती. पण कमी उंचीवर, कमी वेगात, उतरण्यासाठी फ्लॅप खाली सोडलेले असताना वळणे हे त्याला शिकवलेले नव्हते. विमानाचा वेग गेला, पंखांची उचल गेली आणि ते जवळच्या बागेत कोसळले. मुलगा वाचला नाही. तपास अहवालाने नुसते मुलाकडे बोट दाखवले नाही. एकट्या नवशिक्याला अनोळखी सूचना मिळाली, हे त्यात स्पष्ट लिहिले. आज ब्रिटनमध्ये एकट्याने उडणारा विद्यार्थी रेडिओवर आपल्या विमानाच्या नावाआधी 'स्टुडंट' हा शब्द लावतो, म्हणजे नियंत्रकाला कळते की याला सोपे आणि ओळखीचेच सांगायचे. आपल्या गाड्यांवरच्या लाल 'एल'सारखेच ते.

एकट्याने उडण्याचा पहिला दिवस म्हणजे काय असतो हेही पालकांना माहीत हवे. प्रशिक्षक आधी काही फेऱ्या बरोबर मारतो, मग अचानक म्हणतो, "थांबव, मी उतरतो. एकच फेरी मार आणि ये." सेसना १५२ चे सगळ्यांसकट जास्तीत जास्त वजन ७५७ किलो. त्यातून ऐंशी किलोचा माणूस उतरला म्हणजे दहा टक्क्यांहून जास्त वजन गेले. विमान एकदम टुणकन वर जाते आणि उतरताना नेहमीपेक्षा लांब तरंगत राहते. चांगला प्रशिक्षक हे आधीच बजावतो. न बजावले तर मुलाला वाटते, विमानच बदलले.

जुन्या काळी तर आणखी पंचाईत होती. मुंबईचा बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ साली जुहूला सुरू झाला. जे. आर. डी. टाटांना भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळाला तो १० फेब्रुवारी १९२९ रोजी. त्या वेळच्या 'मॉथ' विमानांना नाकाखाली चाक नसे, शेपटीखाली टेकू असे. अशा विमानाचा भार मोठ्या चाकांच्या मागे असतो. कारला जोडलेला ट्रेलर मागे ढकलून पाहा, जरा तिरका झाला की झटकन आणखी तिरका होतो. ही विमाने टेकल्यावर तशीच गिरकी घेत. म्हणून वैमानिक म्हणत की विमान थांबून इंजिन बंद होईपर्यंत उतरणे संपत नाही. त्यात जुहूची जमीन पावसाळ्यात चिखलाची. टाटांची टपालविमाने पहिली काही वर्षे पावसाळ्यात पुण्याहून ये-जा करत. पुढे फ्लाइंग क्लबाने उड्डाणाचे शिक्षण धुळ्याला नेले.

आणि फक्त शिकाऊच चुकतात असे नव्हे. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचे एक मोठे डीसी-८ जेट सांताक्रूझऐवजी शेजारच्या जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उतरले. ही पट्टी साधारण ११४० मीटरची, म्हणजे क्रॅनफिल्डपेक्षाही बरीच आखूड. विमान अर्थातच पलीकडे गेले आणि मोडले, पण कोणी दगावले नाही. अनुभवी माणसे होती ती. सांताक्रूझच्या मुख्य पट्टीचा आकडा ०९ आणि जुहूच्या पट्टीचा ०८. दोन्ही जवळजवळ एकाच दिशेला, हाकेच्या अंतरावर.

आता पालकांचा मूळ प्रश्न. ब्रिटनमध्ये इंजिनाचे विमान एकट्याने उडवायला वय सोळा लागते आणि खासगी परवान्याला सतरा. परवान्यासाठी कमीत कमी ४५ तास उड्डाण, त्यातले १० तास एकट्याने. भारतात व्यावसायिक परवान्याला अठरा वर्षे आणि २०० तास. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचे विमान मात्र इथे चौदाव्या वर्षीच एकट्याने उडवता येते. आपल्यापासून जवळच डन्स्टेबलच्या टेकडीखाली १९३० साली स्थापन झालेला लंडन ग्लायडिंग क्लब आहे. ग्लायडरला इंजिन नाही, म्हणजे पुन्हा फेरी मारायची सोयच नाही. त्यामुळे ती मुले पहिल्यापासून थोडी जास्त उंची हाताशी ठेवून येतात आणि पंखांतल्या ब्रेकांनी ती हवी तेव्हा खर्च करतात. आमच्या ओळखीचे काही वैमानिक म्हणतात की टेकणे शिकावे तर ग्लायडरवरच.

शाळा निवडताना पालकांनी तीन-चार गोष्टी विचाराव्यात. आडव्या वाऱ्याची मर्यादा किती? प्रशिक्षक दर वेळी तोच असतो की बदलतो? मुलाने स्वतःहून परत फेरी मारली तर त्या जादा मिनिटांचे पैसे कसे धरता? हा शेवटचा प्रश्न जरूर विचारा. पैसे वाचवायला म्हणून कोणी वाकडे तिकडे टेकू नये.

ज्यांना नुसते बघायचे आहे त्यांनी कोरड्या दिवशी विमानतळाच्या कुंपणाबाहेरच्या सार्वजनिक रस्त्यावरून बघावे. धावपट्टीच्या टोकाशी विमान खाली येताना इंजिनाचा आवाज कमी कमी होत जाईल. चाके आधी कोणती टेकतात ते पाहा, नाक किती वेळ वर राहते ते मोजा. आवाज मध्येच वाढला आणि विमान पुन्हा चढू लागले, तर वहीत 'फेरी' असे लिहा. उड्या मोजल्यात तर त्याही लिहा, पण विमानाचा नंबर लिहू नका.